दुमजली घरातली लिफ्ट: मागच्या कोपऱ्यात की जिन्याशेजारी?

"आम्ही दुमजली घर बांधतो आहोत. नकाशे जवळपास पक्के झालेत, पायाचं काम अजून सुरू व्हायचं आहे. सासूबाईंना बऱ्याच वर्षांचा आमवात आहे. गुडघे तर गेलेच आहेत, हाताची बोटंही वाकडी झाली आहेत. आज त्या वॉकर घेऊन चालतात. पुढे व्हीलचेअर लागू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांची खोली वर, आमच्या खोलीशेजारी असावी असं आम्हाला वाटतं. आर्किटेक्ट म्हणतात, लिफ्ट मागे धुण्याच्या जागेजवळ टाकू, पुढे आणली तर दिवाणखान्याचा लुक जातो. नवऱ्याला गोल काचेची लिफ्ट हवी आहे. मुलगी चार वर्षांची आहे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या सासूबाई म्हणतात, 'मला लिफ्टबिफ्ट नको. माझ्यापायी एवढा खर्च करू नका, मी खालीच एका कोपऱ्यात राहीन.' लिफ्ट कुठे घ्यावी, कोणती घ्यावी आणि त्यांना कसं समजवावं?"

सप्रेम नमस्कार,

पाया भरायच्या आधी तुम्ही हे विचारलंत, त्यामुळे अजून सगळं हातात आहे. एकदा स्लॅब पडला की त्यात भोक पाडणं, मधे आलेला बीम वाचवणं, पिटसाठी, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यासाठी, तयार फरशी उखडणं, हे सगळं होतं. पण मनासारखं क्वचितच होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. लिफ्ट जिन्याशेजारी घ्या, घरातला प्रत्येक माणूस वर जाताना जिथून जातो तिथे. मागे धुण्याच्या जागेजवळ घेऊ नका. तुमच्या आर्किटेक्टना दिवाणखान्याची काळजी वाटते ती मी समजू शकते, पण त्यांनी मांडलेल्या नकाशात एक माणूस रोज मागच्या दाराने वर जाणार आहे. पाहुणे आले, सगळे गप्पा मारत जिन्याने वर निघाले, की सासूबाईंनी वॉकर वळवायचा, स्वयंपाकघर ओलांडायचं, वॉशिंग मशीनजवळ जाऊन बटण दाबायचं आणि वर एका बोळात उतरायचं. असं महिनाभर झालं की माणूस वर जाणंच बंद करतो. लिफ्ट चालू असते, पण वापरात नसते. अशी घरं मी पाहिली आहेत.

जिन्याशेजारी घ्या म्हणताना एक सावधगिरी मात्र लगेच सांगते. वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार जिन्याच्या तोंडाकडे उघडता कामा नये. व्हीलचेअरवरचा माणूस पुष्कळदा लिफ्टमधून उलटा बाहेर येतो, पाठ पुढे करून. त्याच्या पाठीमागे उतरता जिना असेल तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. दार जिन्याच्या काटकोनात किंवा विरुद्ध बाजूला वळवून घ्या, आणि दारासमोर खाली-वर दोन्हीकडे दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा ठेवा. एवढ्या जागेत व्हीलचेअर पूर्ण वळते. या जागेत पुढे शोभेची कुंडी, चपलांचं कपाट, काही म्हणजे काही यायचं नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.

आता नकाशा समोर घ्या आणि त्यावर पेन्सिलीने सासूबाईंचा रस्ता काढा. गाडीतून उतरल्यापासून वरच्या पलंगापर्यंत, आणि पलंगापासून संडास-बाथरूमपर्यंत. लिफ्ट हा या रस्त्याचा एक तुकडा आहे. बाकीचे तुकडे तुटलेले असतील तर महागातली महाग लिफ्टही उपयोगाची नाही. सगळ्यात जास्त फसगत होते ती जोत्यापाशी. जोतं साधारण ४५ सेंटिमीटर उंच असतं असं धरू, म्हणजे दारात तीन पायऱ्या आल्या. तिथे रॅम्प करायचा तर चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेला उतार एकास बारा. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प, शिवाय वर-खाली सपाट जागा. पुष्कळ जण तो दीड-दोन मीटरमध्ये बसवतात. तशा उतारावर वॉकर घेऊन माणूस चढू शकत नाही, आणि उतरताना तर तो धोकाच आहे.

पुढे जागा असेल तर लांब रॅम्प करा. बागेच्या कडेने, मधे एक वळण देऊन. दोन्ही बाजूंना कठडा असला की तो रॅम्प देखणाही दिसतो. जागा नसेल तर माझी सूचना अशी: लिफ्टचा पहिला थांबा घराच्या फरशीवर न ठेवता खाली, गाडी लावायच्या जागेच्या पातळीला ठेवा. गाडीतून उतरायचं, एका बाजूच्या दाराने लिफ्टमध्ये शिरायचं, आणि समोरच्या दाराने तळमजल्यावर किंवा वर बाहेर पडायचं. दोन थांब्यांमधलं अंतर ४५ सेंटिमीटरच असल्यामुळे ते एकाच बाजूला करताच येत नाहीत, दारंच एकमेकांवर येतील. म्हणून समोरासमोर दोन दारं हवीत. त्यात एक मोठा फायदा आपोआप मिळतो: व्हीलचेअर आत वळवावी लागत नाही, एका बाजूने शिरून सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर. फक्त हे लिफ्टवाल्यांना पहिल्याच बैठकीत सांगा, कारण सगळ्या बनावटीच्या लिफ्टना इतक्या जवळचे दोन थांबे जमतातच असं नाही. आणि असं केलंत तर लिफ्टचा पिट जमिनीच्या पातळीखाली जाणार, तेव्हा त्याचं वॉटरप्रूफिंग पाण्याच्या टाकीइतकं काटेकोर करून घ्या. पिटमध्ये साचणारं पाणी घरगुती लिफ्टचं आयुष्य कमी करतं, आणि ते बंद दाराआड असल्यामुळे कुणाला दिसतही नाही.

मापांबद्दल घासाघीस करू नका. आज वॉकर आहे म्हणून वॉकरपुरती केबिन घेतलीत तर ज्या दिवशी खुर्ची येईल त्या दिवशी लिफ्ट निकामी होईल. खुर्चीतला माणूस आणि मागे उभी असलेली दुसरी व्यक्ती, दोघं आरामात मावायला केबिन आतून ११० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर खोल हवी. दार ९० सेंटिमीटर मोकळं मिळालं तर उत्तम, ८० पेक्षा कमी नकोच. शाफ्ट, म्हणजे केबिन जिच्यातून वर-खाली होते ती उभी पोकळी, मात्र केबिनपेक्षा बरीच मोठी लागते: रूळ, काउंटरवेट (केबिनचा तोल सांभाळणारं वजन), सरकत्या दाराची पाती या सगळ्यांना जागा द्यावी लागते, आणि हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरने बीम-कॉलम पक्के करण्याआधी लिफ्टच्या कंपनीकडून शाफ्टचं मोजमापासकट ड्रॉइंग घ्या. तोंडी आकड्यांवर स्लॅब टाकू नका.

आता लिफ्ट कोणती. इथे तुमच्या यजमानांशी मला थोडं वाद घालावा लागणार आहे.

गोल काचेच्या नळीतल्या लिफ्ट पुष्कळदा हवेच्या दाबावर चालतात. केबिनच्या वरची हवा पंपाने ओढून घेतली की खालच्या हवेच्या दाबाने केबिन वर जाते, आणि हवा हळूहळू आत सोडली की खाली येते. पिट लागत नाही, मशिनरूम लागत नाही, वीज गेली तर ती सावकाश खाली उतरते. कल्पना सुंदर आहे. पण लहान नमुन्यांमध्ये खुर्ची मावत नाही, खुर्चीचा नमुना घेतला तर नळी चांगलीच रुंद होते आणि मग तिची नाजूक दिसण्याची गंमत जाते. वर जाताना पंपाचा आवाजही जाणवतो. तयार घरात, फरशी फोडायची नसताना, चालत्या माणसासाठी तिचा विचार जरूर करावा. तुमच्याकडे नवं बांधकाम आहे, पिट करता येतो, आणि गरज खुर्चीची आहे. मी ती घेणार नाही.

दुसरा प्रकार प्लॅटफॉर्म लिफ्टचा. बहुतेकदा स्क्रूवर चालते. उंच स्क्रूभोवती नट फिरतो आणि प्लॅटफॉर्म वर-खाली होतो. पिट अगदी उथळ, कधी ५ सेंटिमीटरमध्येही काम भागतं, आणि साध्या घरगुती विजेच्या जोडणीवर चालते. लोकांना ती आवडते ते यासाठीच. पण तुमच्या घरी अडचण बोटांची आहे. या प्रकारात अनेकदा पूर्ण प्रवासभर बटण दाबून धरावं लागतं. बोट उचललं की लिफ्ट थांबते. केबिनला आतलं दार नसतं, समोरची भिंत सरकताना दिसते, म्हणून सुरक्षेसाठी ही सोय केलेली असते आणि ती बरोबरच आहे. वेगही मर्यादित असतो, जास्तीत जास्त सेकंदाला १५ सेंटिमीटर. तुमचे मजले ३.३ मीटरचे असतील तर २२ सेकंद. आमवातात सकाळी सांधे आखडलेले असतात, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. अशा बोटाने २२ सेकंद बटण दाबून धरायचं, दिवसातून पाच-सहा वेळा? हे कॅटलॉगच्या पहिल्या पानावर लिहिलेलं नसतं. विकणाऱ्याला थेट विचारा: बटण एकदा दाबून सोडायचं की धरून ठेवायचं?

म्हणून सासूबाईंसाठी मी बंद केबिनची, आपोआप सरकणाऱ्या दारांची, एकदा बटण दाबलं की जाणारी लिफ्ट सुचवेन. ती हायड्रॉलिक असू शकते किंवा दोरांवर चालणारी. हायड्रॉलिकमध्ये तेलाच्या दाबाने पिस्टन केबिन उचलतो, पंपाचं कपाट काही मीटर लांब ठेवता येतं, आणि वीज गेल्यावर छोट्या बॅटरीवर झडप उघडली की केबिन स्वतःच्या वजनाने खाली येते. तेलाची देखभाल करावी लागते, एवढंच. दोरांच्या प्रकारात काउंटरवेट असल्यामुळे वीज कमी लागते आणि चाल मऊ असते, पण पिट जास्त खोल आणि वरची मोकळी उंचीही जास्त लागते. वरच्या मजल्याचं छत नेहमीच्या उंचीचं असेल तर शाफ्टचं डोकं गच्चीवर बाहेर येईल. ते आत्ताच उभ्या छेदाच्या नकाशात दाखवायला सांगा, नाहीतर दर्शनी बाजूला नंतर एक विनाकारण खोकं दिसेल. दोन्हींपैकी कोणती, हे तुमच्या भागात कोणत्या लिफ्टची दुरुस्ती करणारे लोक लवकर पोचतात यावर ठरवा. मी तरी त्यावरच ठरवेन. शिवाय लिफ्टचा कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, फक्त त्याच कंपनीच्या माणसाला उघडता येतो का, हेही करारावर सही करायच्या आधी विचारून घ्या.

मुलगी चार वर्षांची आहे, असं तुम्ही ओघात लिहिलंय. मला मात्र पत्र वाचताना तिथेच थांबावं लागलं. जुन्या धाटणीच्या घरगुती लिफ्टमध्ये मजल्यावर साधं, हाताने उघडायचं दार असतं आणि केबिनला घडीचं जाळीदार दार. या दोन दारांच्या मधे फट राहते. मोठ्या माणसाला ती फट कळतही नाही, पण लहान मूल तिच्यात उभं राहू शकतं. बाहेरचं दार लागलं, कुणी वरून बटण दाबलं, की केबिन हलते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१९ साली याच फटीबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण मुलं त्यात चिरडली गेली होती. २०२२ मध्ये तिथे काही कंपन्यांच्या लिफ्ट दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तिथला २०१६ चा लिफ्ट-सुरक्षा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: दोन दारांच्या मधे ४ इंच व्यासाचा चेंडू मावता कामा नये. लिफ्ट ताब्यात घेण्याआधी हे तुम्ही स्वतः तपासा. दोन्ही दारं एकदम, एकमेकांना जोडून सरकणारी घेतलीत तर ही फट मुळातच कमी राहते, आणि सासूबाईंना दार ओढावंही लागत नाही. दाराला एकच किरण असलेला सेन्सर न घेता वरपासून खालपर्यंत किरणांचा पडदा असलेला घ्या. एकटा किरण गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि वॉकरचा पाय किंवा मुलीचा हात त्याच्या नजरेतून सुटतो.

आता तुमच्या यजमानांच्या आणि आर्किटेक्टच्या बाजूने बोलते, कारण घर सुंदर असावं हा हट्ट मला अजिबात गैर वाटत नाही. सासूबाईंनाही सुंदर घरात राहायचंय. दवाखान्यातली लिफ्ट घरात आणली तर त्या तिच्याकडे रोज आजाराची आठवण म्हणून पाहतील.

शाफ्ट लपवायच्या नादात बहुतेक वेळा तो जास्त उठून दिसतो. दिवाणखान्याच्या कडेला मधेच एक जाड चौकोन उभा राहतो आणि मग त्याला वॉलपेपर, आरसे, लाकडी पट्ट्या लावत बसावं लागतं. उलट शाफ्टची एक भिंत हीच जिन्याची भिंत करा. जिना तिच्या कडेने चढू द्या, किंवा जागा पुरत असेल तर तिच्याभोवती वळू द्या. जिन्याची आणि लिफ्टची भिंत एकाच साहित्याची असली, एकाच रेषेत छतापर्यंत गेली, की दोन्ही मिळून घराचा कणा दिसतो. लिफ्टची दारं भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल घ्या, चौकट बारीक ठेवा, आणि दाराची वरची कड घरातल्या बाकी दारांच्या वरच्या कडेशी जुळवा. ही शेवटची गोष्ट फुकट होते आणि सगळ्यात जास्त फरक पाडते. खोलीत शिरणाऱ्याचा डोळा रेषा शोधतो. रेषा जुळल्या की लिफ्ट त्याला खटकत नाही.

काच हवीच असेल तर एका बाजूला घ्या, जिन्याच्या किंवा बागेच्या बाजूला. चारही बाजूंनी नको. काच लॅमिनेटेडच हवी, फुटली तरी तुकडे जागेवर धरून ठेवणारी. पश्चिमेचं ऊन पडणारी बाजू टाळा, कारण काचेच्या शाफ्टमध्ये गरम हवा वर कोंडते आणि केबिन तापते. वर हवा जायला झरोका ठेवावाच लागतो. शाफ्टच्या आतल्या बाजूची काच घरातल्या माणसांना पुसता येत नाही, त्यासाठी तंत्रज्ञाला बोलवावं लागतं, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. आणि एकदा सासूबाईंना विचारा, उंचावरून खाली दिसलं की त्यांना गरगरतं का. गरगरत असेल तर काच कंबरेच्या वरपासून सुरू करा.

केबिनच्या आत फरशी कोणती घ्यावी यावर एक हिशेब. घरभर आहे तोच दगड केबिनमध्येही आला तर फार छान दिसतं. पण २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट ११० बाय १४० सेंटिमीटरच्या केबिनमध्ये टाकला तर त्याचं वजन सुमारे ८३ किलो भरतं, म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा लिफ्टमध्ये उभा करून ठेवल्यासारखं. लिफ्टची क्षमता तेवढी कमी होते. पातळ दगडी पत्रा, लाकूड, चांगलं व्हिनाइल, काहीही घ्या. रंग बाहेरच्या फरशीशी जुळवा आणि कंपनीला वजन आधी कळवा. पृष्ठभाग चकचकीत नको. वॉकरचे रबरी पाय ओल्या, गुळगुळीत फरशीवर सरकतात.

दार एकाच बाजूला असेल तर मागच्या भिंतीला आरसा लावा. तो केस बघायला नाही. खुर्चीतल्या माणसाला उलटं बाहेर येताना मागे काय आहे ते दिसावं म्हणून सार्वजनिक लिफ्टच्या मानकांमध्येही तो सांगितलेला आहे. आणि लहान केबिन त्याने मोठीही वाटते. एका बाजूला साधारण ९० सेंटिमीटरवर गोल, मुठीत मावेल असा कठडा. सासूबाईंची मूठ पूर्ण वळत नसेल तर थोडा जाड घ्या, त्यांच्या हाताचंच माप घेऊन. घडीची छोटी बैठकही बसवता येते. प्रकाश वरून एकाच ठिपक्यातून नको, कडेने पसरणारा हवा, कारण उंबऱ्याशी सावली पडली की कमी दिसणाऱ्याला तिथे पायरी आहे असं वाटतं आणि पाऊल अडखळतं. केबिन आणि मजला यांच्या पातळीत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहता कामा नये. वॉकरची पुढची चाकं तेवढ्यावरही अडतात.

बटणांचं पॅनेल हा शोरूममधला सगळ्यात मोहाचा कोपरा असतो. काळ्या काचेवर उमटणारे निळे आकडे फोटोत अप्रतिम दिसतात. सासूबाईंनी बोटांना पट्टी बांधली असेल, बोट सरळ होत नसेल, तर ते पॅनेल त्यांना ओळखणारही नाही, कारण त्याला त्वचेचा स्पर्श लागतो. उठावाची, मोठी, दाबली की हलणारी आणि हलकासा आवाज देणारी बटणं घ्या, जी बोटाच्या पेराने किंवा कोपरानेही दाबता येतील. पितळेची घ्या, काळ्या धातूची घ्या. फक्त भिंतीच्या रंगापासून वेगळी उठून दिसू द्या. उंची ९० ते ११० सेंटिमीटर, आणि केबिनच्या कोपऱ्यापासून किमान ४० सेंटिमीटर अलीकडे. कोपऱ्यात लावलेलं बटण खुर्चीत बसून हाताला लागत नाही, कारण पाय ठेवायची पट्टी आधी भिंतीला टेकते.

आवाजाचं एक राहिलं. लिफ्टचे रूळ ज्या भिंतीला ठोकलेले असतात ती भिंत कुणाच्याही पलंगाच्या उशाशी येऊ देऊ नका. मधे कपाट किंवा बाथरूम येऊ द्या, आणि मशीनखाली रबरी पॅड आहेत ना ते पाहा.

अडकलो तर काय, ही भीती बोलून दाखवत नसल्या तरी सासूबाईंच्या मनात असणारच. वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणा घ्या. ती घेतली नाही तरी चालेल असं समजू नका. आत बोलण्याची सोय हवी, आणि ती मोबाइलवर अवलंबून नको, कारण धातूच्या केबिनमध्ये सिग्नल जातो. एक बटण दाबलं की बाहेर कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे, घरात कुणी नसतानाही. दोर तुटायची भीती असेल तर त्यांना सांगा की त्यावर १८५४ मध्येच उत्तर दाखवून झालंय. एलिशा ओटिस नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात उंच उचललेल्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून सगळ्यांसमोर दोर कापायला लावला होता, आणि प्लॅटफॉर्म थोडासा खाली येऊन रुळांवर घट्ट बसला. आजच्या दोरांच्या लिफ्टमध्ये एकापेक्षा जास्त दोर असतात आणि शिवाय वेग वाढला तर रुळांना पकड घेणारी यंत्रणाही असते.

तरीही लिफ्ट कधी ना कधी बंद पडणार, आणि देखभालीच्या दिवशी तर ठरवून बंद राहणार. त्यामुळे तळमजल्यावर पलंग मावेल अशी एक खोली आणि खुर्ची आत जाईल असं बाथरूम हवंच. पाहुण्यांची खोली म्हणून करा, पण करा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. म्हणून जिनाही नीट हवा. बेताच्या उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि दोघांनी मिळून बसलेल्या माणसाला उचलून उतरवता येईल एवढी रुंदी.

आणि आता सासूबाई.

"माझ्यापायी खर्च नको" असं म्हणणाऱ्या माणसाला खर्च करून दाखवला की तो आणखी आक्रसतो. त्यांना पटवायला जाऊ नका. त्यांना कामाला लावा. घराच्या जागेवर किंवा आत्ता राहताय तिथल्या मोठ्या खोलीत खडूने ११० बाय १४० चा चौकोन आखा, दाराची जागा मोकळी सोडा, आणि त्यांना वॉकर घेऊन आत जाऊन, वळून, बाहेर यायला सांगा. भिंतीवर कागदाचं बटण चिकटवा आणि हात सहज कुठे पोचतो ते त्यांनाच ठरवू द्या. कठडा उजवीकडे की डावीकडे, बैठक हवी की नको, दार कुठे उघडावं, हे सगळं त्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेलं नकाशात उतरलेलं त्यांना दाखवा. घरात ज्याचा सल्ला घेतला जातो त्याला आपण ओझं आहोत असं सहसा वाटत नाही.

दुसरं, या लिफ्टला घरात कुणीही "आईंची लिफ्ट" म्हणू नये. जड बॅगा, धुतलेल्या कपड्यांची बादली, पाय मुरगळलेला मुलगा, बाळंतपणानंतरचे दिवस, हे सगळं तिच्यातूनच जायचं आहे. तुम्हीसुद्धा हातात ओझं असेल तेव्हा बिनदिक्कत वापरा. म्हणून तर ती जिन्याशेजारी हवी, असं मी सुरुवातीलाच म्हटलं.

आणि समजा, ऐकूनही त्या म्हणाल्या की मला खालीच राहायचंय, तर त्याला मान द्या. काही माणसांना अंगणाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत राहायला खरोखर आवडतं. फक्त ते आवडीने म्हणतायत की संकोचाने, एवढं तुम्ही ओळखायचं. यजमानांपेक्षा तुम्हालाच ते लवकर कळेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

तसं झालं किंवा पैशांची जुळणी आत्ता होत नसेल, तर लिफ्ट पुढे ढकला, शाफ्ट पुढे ढकलू नका. खाली-वर एकावर एक येतील अशी दोन कपाटं काढा, आतून शाफ्टच्याच मापाची. मधल्या स्लॅबमध्ये त्या चौकोनाच्या चारही बाजूंना बीम घेऊन आतला तुकडा वेगळा, नंतर काढता येईल असा टाकायला सांगा. खाली पिट आत्ताच करून, वॉटरप्रूफिंग करून, वर झाकण घालून ठेवा. विजेची स्वतंत्र लाइन तिथपर्यंत आणून सोडा. स्ट्रक्चरल इंजिनीअरला लिफ्टचं पूर्ण वजन धरूनच हिशेब करायला लावा, आणि त्या कपाटाच्या दारांची उंची-रुंदी लिफ्टच्या दाराइतकीच ठेवा. पुढे कधी लिफ्ट घ्यायची ठरली तर मधला तुकडा काढायचा आणि कपाटांच्या जागी दारं बसवायची, एवढंच काम उरेल. या आठवड्यात आर्किटेक्ट आणि इंजिनीअर या दोघांना एकत्र बसवून हा चौकोन नकाशावर पक्का करून घ्या, आणि त्या बैठकीला सासूबाईंनाही बोलवा.